एक हजार त्रेचाळीस झाडं

मी त्याच्या हातातला ब्रश हिसकावून घेतला. आमची ओळख अशी झाली.

तो खोडावर पांढऱ्या रंगाने आकडा काढत होता. सतरा. सातचा शेपटा अजून ओला होता. झाडांवर आकडे कशाला घालतात ते मला पक्कं माहीत होतं. आमच्या क्वार्टर्सच्या मागची अकरा झाडं अशीच आकडे घालून आठवड्याभरात आडवी केली होती. आणि ही जागा आता आमची होणार होती, म्हणजे बाबांची. त्यामुळे मी काही विचारत बसले नाही. ब्रश ओढला आणि म्हटलं, एक जरी झाड तोडलंस तर हाच रंग तुझ्या तोंडाला फासेन.

तो नुसता बघत राहिला. गळ्यात शिंप्यासारखी टेप, डाव्या कानाच्या पाळीवर रंगाचा ठिपका.

"तोडायला नाही आलो, मोजायला आलोय," तो म्हणाला. "तुम्ही खरेदीवाल्यांची मुलगी ना? लिहायला येणार होतात त्या?"

मीच ती.

"मग ब्रश ठेवा तुमच्याकडेच. तुमचे आकडे माझ्यापेक्षा बरे येत असतील."

माझे आकडे भयंकर येतात. दहावीला दोनदा आपटले, त्यानंतर मी शाळेत गेले नाही आणि शाळेनेही कधी निरोप धाडला नाही. याला आता चार वर्षं झाली. हे त्याला सांगायची काही गरज नव्हती. मी ब्रश परत दिला. माझा पंजा पांढराफटक झाला होता आणि तो हसत होता... तोंडाने नाही, डोळ्यांनी. असं हसणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो. त्या दिवशी आला नाही. तिथेच मला कळायला हवं होतं.

बाबा एकतीस वर्षं लिफ्ट चालवत होते. चौदा मजल्यांचं ऑफिस, स्टुलावर बसायचं, कितवा मजला विचारायचं, बटण दाबायचं. खिडकी नाही. पाऊस पडतोय की नाही ते त्यांना लोकांच्या छत्र्या बघून कळायचं. त्या डब्यात बसून त्यांनी एक वही भरली होती. रिटायर झाल्यावर झाडीतली जागा घ्यायची, दोन खोल्या बांधायच्या, विहीर खणायची, कोंबड्या पाळायच्या, भाजी आपली, अंडी आपली, सरपण आपलं. बाजारात जायचं ते फक्त मिठाला आणि काडेपेटीला. कोंबड्यांचं खुराडं त्यांनी वहीत सात वेळा काढलं होतं, दर वेळी दार वेगळ्या बाजूला.

आई शिवणयंत्रावरून मान न उचलता म्हणायची, "आणि तुमच्या गुडघ्याच्या गोळ्या? त्या कुठल्या झाडाला लागतात?"

बाबा म्हणायचे की लिफ्टमधून बाहेर पडलो की गुडघे आपोआप बरे होतील. आई म्हणायची, हो, आणि मला पंख फुटतील. पण जागा बघायला गेलो तेव्हा तीच सगळ्यात आधी ओढ्यात पाय सोडून बसली.

जागा एका रिटायर नर्सबाईंची होती. एकट्या राहायच्या तिथे, पत्र्याच्या एका खोलीत. कमरेचं हाड मोडलं, मग मुलीने हट्टाने शहरात बोलावून घेतलं. त्यांनी चार गिऱ्हाइकं परत पाठवली होती. बाबांना त्यांनी एकच विचारलं, घर बांधायला किती झाडं पाडाल? बाबांनी वही उघडून दाखवली. घर काढलेलं होतं ते झाडांच्या मधल्या मोकळ्या जागेत, वाकडं, कोपऱ्यात दुमडलेलं, एकही झाड न पाडता. नर्सबाई म्हणाल्या, घ्या.

आता फक्त मोजणी राहिली होती. झाडीची जागा विकायची तर आधी झाडं मोजावी लागतात, तसा नियम आहे. परवाना असलेला मोजणीदार छातीच्या उंचीवर टेप लावून खोडाचा घेर घेतो, ओरडून सांगतो, खोडावर नंबर घालतो. खरेदीवाल्यांचं माणूस वहीत लिहितं. रोज संध्याकाळी दोघांनी पानावर सही करायची. बाबांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, आईच्या अंगावर शिवणाचं काम, आणि घरात रिकामटेकडी कोण ते सगळ्यांना माहीतच होतं.

तर अशी मी रोज सकाळच्या बसने जायला लागले.

पहिले दोन दिवस त्याचं "लिहा, साहेब" आणि माझं "लिहिलं" एवढंच चाललं. तुती, अठ्ठेचाळीस. लिहिलं. निलगिरी, एकशे दहा. लिहिलं. तो मला साहेब म्हणायचा कारण मी रोज त्याच्या चुका काढायचे. तीनशे बाराचा नंबर त्याने दोन झाडांवर घातला, तो मी पकडला. त्यावर तो म्हणाला की पाच वर्षांत असं कधी झालं नव्हतं, आजच कसं लक्ष उडालं कोण जाणे. आणि माझ्याकडे बघितलं. मी पान उलटलं. पान उलटायची काही गरज नव्हती, अर्धं कोरं होतं.

मी त्याला टेपवाला म्हणायचे. तेवीस वर्षांचा, म्हणजे माझ्याहून चार वर्षांनी मोठा, पण कामात म्हाताऱ्यासारखा काटेकोर. खोडाला वेल असेल तर सोडवून घ्यायचा, मगच टेप लावायचा. साल सुटलेली असेल तर जरा वर. घरी आई आणि धाकटी बहीण, आणि सगळी भिस्त त्या परवान्यावर. परवाना तो प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून छातीच्या खिशात ठेवायचा आणि जेवायला बसताना आधी तो खिसा चाचपायचा.

तीस सेंटिमीटरच्या आतली झाडं मोजायची नसतात. त्यांना तो पोरं म्हणायचा. "ही पोरं आहेत, साहेब, जाऊ द्या त्यांना." आणि बाजूने चालताना एखाद्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवून जायचा.

पाचव्या दिवशी पाऊस आला. वही भिजली तर सगळं काम पाण्यात, म्हणून मी ती कुर्त्याच्या आत खुपसली आणि एका जाड खोडाला पाठ लावून उभी राहिले. तो त्याच खोडाच्या दुसऱ्या बाजूला. एकमेकांना दिसत नव्हतो. नुसता पानांवरचा आवाज, आणि मधे ते झाड.

"साहेब," तिकडून आवाज आला. "आहात ना?"

"जाईन कुठे?"

"नाही... मला वाटलं, गेलात."

पाऊस थांबला तरी आम्ही तिथेच. शेवटी तो म्हणाला, "या झाडाचा घेर एकशे चाळीस आहे. फार झालं. इतकं मधे नको होतं."

मी वही बाहेर काढली. एकशे चाळीस लिहिलं.

सातव्या दिवशी बाबा आले. काठी टेकत टेकत सगळी जागा फिरले, आणि टेपवाल्याला विचारत राहिले, तुला काय वाटतं, इथे काय, तिथे काय. त्याने विहिरीची जागा दाखवली. एका ठिकाणी माती कायम ओलसर असते, उन्हाळ्यातही, असं म्हणाला. खुराड्याचं दार उगवतीला ठेवा म्हणाला. बाबांनी लगेच वही काढून आठव्यांदा खुराडं काढलं. बसमध्ये बसल्यावर म्हणाले, मुलगा भला आहे. मी म्हटलं, असेल. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, असेल नाही, आहे. त्यांचे कान लाल झाले होते. माझे काय झाले होते ते मला दिसत नव्हतं.

इथून पुढचं लिहायचं मी टाळत होते. कारण पुढचं मी केलं. दुसऱ्या कोणी नाही.

नवव्या दिवशी दुपारी डबा खाताना तो म्हणाला, "उद्या दुपारपर्यंत संपेल."

मी डब्याचं झाकण इतक्या जोरात लावलं की ते वाकडं बसलं. संपेल तर संपू दे, म्हटलं. मग उठून गेले आणि एका दगडाला लाथ मारली. अंगठा ठेचला. तो मागे आला, पण जवळ आला नाही. एका बारक्या तुतीपाशी थांबला. पोरच होतं ते, सत्तावीस-अठ्ठावीसचं.

"हे घेऊ या का?" मी विचारलं.

"तिसाच्या आत आहे."

"मग उद्या संपेल."

त्याने टेप गळ्यातून काढली, हातात घेतली, परत गळ्यात घातली. परत काढली. मग खोडाभोवती गुंडाळली आणि टेपच्या आत स्वतःचं बोट घातलं. एकच बोट.

"तीस," तो म्हणाला. "लिही."

पहिल्यांदाच तो 'लिहा' म्हणाला नव्हता. मी लिहिलं.

पुढच्या पोराला एका बोटाने भागेना, तेव्हा मी माझं घातलं. टेपच्या आत, खोडाच्या सालीवर, त्याच्या बोटाला लागून. कोणी ओढून घेतलं नाही. एकतीस आलं.

असे आणखी तीन दिवस मिळाले. एकाहत्तर पोरं झाडं झाली. माझ्या आयुष्यातले ते तीन दिवस. बसमध्ये मी वेड्यासारखी काचेत बघून हसायचे. बाराव्या दिवशी शेवटच्या पानावर सह्या केल्या. तो म्हणाला की खरेदी झाली की तो घरी येणार आहे, बाबांशी बोलायला. काय बोलणार, विचारलं तर म्हणाला, "खुराड्याबद्दल."

तीन आठवड्यांनी मोजणी कार्यालयातून बोलावणं आलं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. त्यांचे नोकरीचे अकरा दिवस राहिले होते, क्वार्टर पुढच्या महिन्यात सोडायची होती, आणि आईने दोन गाठोडी बांधूनही ठेवली होती. मीही गेले. टेपवाला तिथे बाकावर होताच. बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

खिडकीतल्या बाईंनी कागद सरकवला. बाबांना एका डोळ्याने वाचता येईना, म्हणून मी वाचलं. एकूण झाडं एक हजार त्रेचाळीस. हजाराच्या वर म्हणून जागेची नोंद 'वन' अशी केली आहे. बांधकाम, विहीर, राहण्याची खोली, काही नाही. खरेदीला परवानगी नाही.

मी परत वाचलं. मग मागे बघितलं. तो पांढरा पडला होता. त्याच्या हिशेबी त्या दोन जागा होत्या, ओढ्याच्या अलीकडची सहाशे चार आणि पलीकडची चारशे एकोणचाळीस. हजाराचा नियम त्याला पाठ होता, पण तो दर जागेला वेगळा लागतो, आणि हजार कुठल्याच बाजूला होत नव्हते. म्हणून तर त्याने बोट घातलं. पण कागदोपत्री ती एकच जागा होती. ओढा कार्यालयाला दिसत नाही.

एकाहत्तर वजा केली तर नऊशे बहात्तर. गणितात नापास झालेली मी, तिथे उभ्या उभ्या मला एवढं जमलं.

बाबांनी कागदाच्या चार घड्या घातल्या, खिशात ठेवला, खिडकीतल्या बाईंना आभारी आहे म्हणाले. जिन्यात एकदा थांबले आणि कठडा धरून नुसते उभे राहिले. आम्ही दोघं मागे, दोन पायऱ्या सोडून. त्या वेळी मी बोलले असते तर बरं झालं असतं. मला नाही जमलं. मी, जी भाजीवाल्याशी, कंडक्टरशी, आख्ख्या जगाशी भांडते, ती गप्प बसले.

संध्याकाळी त्याला फोन करून वाटेल ते बोलले. तू पाच वर्षं काय झक मारत होतास, एवढं साधं कळलं नाही, वगैरे. तो ऐकत राहिला. माझा श्वास संपल्यावर म्हणाला, "मी बघतो."

त्याने काय बघितलं ते आठ दिवसांनी कळलं. कार्यालयाचं पत्र आलं. मोजणीदाराने खोटी मोजणी केल्याचं लेखी कबूल केलं आहे. सगळा दोष माझा, लिहिणाऱ्या मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं, असं त्याने लिहून दिलं होतं. परवाना कायमचा रद्द. आणि खाली दोन ओळी होत्या. एकदा वन अशी नोंद झाल्यावर पाच वर्षं फेरमोजणी होत नाही, कारण काहीही असो.

म्हणजे त्याचंही गेलं, आणि आमचं परत आलं नाही.

आईने डोक्याला हात लावला. त्या मेल्याला बोलू लागली... भला, म्हणे भला, तुम्हीच म्हणत होता ना. बाबा पत्र धरून बसलेले. तिने आणखी एक शिवी दिली आणि मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, त्याला बोलू नकोस. त्याने एकट्याने नाही केलं. मी सांगितलं त्याला. मी पण बोट घातलं.

शिवणयंत्राचं चाक आपोआप फिरत होतं, ते थांबलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. रागावतील असं वाटलं. रागावले असते तर मी उलट बोलले असते, आरडाओरडा झाला असता, मोकळं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "कशासाठी?"

"आणखी तीन दिवस मिळावेत म्हणून."

ते मान हलवत राहिले. मग म्हणाले की त्यांना विचारलं असतं तर त्यांनी त्याला घरीच जेवायला बोलावलं असतं, रोज. आणि उठून मोरीत गेले. नळ सोडला. फार वेळ सोडून ठेवला.

त्या दिवसानंतर त्यांनी वही उघडली नाही. पाच वर्षांनी ते पासष्ट. डॉक्टर गुडघ्यांबद्दल जे म्हणाले ते आईने मला सांगितलं, त्यांना नाही. नर्सबाईंनी पत्र्याच्या खोलीला कुलूप घालून घेतलं आणि मुलीकडेच राहिल्या.

आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या घेतल्या. लिफ्ट नाही. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत, हात लांब केला तर लागेल एवढ्यावर.

सामान हलवायच्या दिवशी तो आला. दारातच चपला काढून उभा. दाढी वाढलेली, खिशात ते पाकीट नव्हतं. आई आत निघून गेली. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. तो काहीतरी म्हणायला लागला, तर बाबांनी हाताने थांबवलं आणि म्हणाले, "कपाट वर न्यायचंय. ते टोक धर."

दोघांनी ते लोखंडी कपाट तीन मजले चढवलं. बाबा प्रत्येक वळणावर थांबत होते आणि तो, आपणच दमलोय असं दाखवून, आधीच थांबत होता. कपाट लागल्यावर त्याने बाबांना वाकून नमस्कार केला आणि निघाला. मी मागून गेले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गाठलं.

त्याला दूर कुठल्यातरी लाकडाच्या वखारीत काम मिळालं होतं. तोडलेले ओंडके मोजायचं. त्या कामाला परवाना लागत नाही. संध्याकाळची गाडी होती.

"त्या दिवशी जे खुराड्याबद्दल बोलणार होतो..." तो म्हणाला. "ते खुराड्याबद्दल नव्हतं."

"माहितेय."

"तू मला आवडतेस. पहिल्या दिवसापासून. ब्रश ओढलास तेव्हापासूनच. एवढंच सांगायला आलो. बाकी मागायला तोंड नाही."

मी कठड्याचा रंग नखाने खरवडत होते. खाली कोणाच्या तरी घरात रेडिओ लागला होता. मला त्याला धरून ठेवायचं होतं. दोन्ही हातांनी. त्याऐवजी मी म्हटलं, "मला पण आवडतोस तू. खूप. म्हणूनच परत येऊ नकोस."

त्याने कारण विचारलं नाही. मीच सांगितलं. तू समोर आलास की बाबांना ती विहिरीची जागा दिसणार. रोज. जेवताना, झोपताना. त्यांनी एकतीस वर्षं एवढी एकच गोष्ट मागितली आणि ती आपण दोघांनी खाल्ली. आता आपण त्यांच्यासमोर बसून हसायचं?

"बरं," तो म्हणाला.

"आणि मी फोन केला तरी उचलू नकोस. मला माझा भरवसा नाही. मी आज एक बोलते, उद्या दुसरंच करते. शब्द दे."

"नाही उचलणार," म्हणाला. मग माझ्या केसात अडकलेली गाठोड्याच्या सुतळीचा धागा काढला, खिशात ठेवला आणि उतरून गेला. पायऱ्या मोजत गेला असेल. सवय.

मी वर आले. बाबा कपाटाला टेकून जमिनीवर बसले होते, भिंतीकडे तोंड करून.

"गेला?"

"हो."

"चहा तरी द्यायचास."

मी त्यांना सांगून टाकलं. परत यायचं नाही म्हटलंय त्याला. ते हळूहळू वळले. विचारलं, "माझ्यासाठी?"

मी मान डोलावली.

"पोरी," ते म्हणाले, "मी त्या जागेत राहणार होतो ते किती वर्षं? दहा? पंधरा? आणि नंतर ती कोणासाठी होती?" ते परत भिंतीकडे वळले. "एक गेलं होतं. दुसरं तरी ठेवायचंस."

मी जिना कसा उतरले ते आठवत नाही. रस्त्यावर आले तर दोन्ही बाजूंना नुसती माणसं. स्टँडपर्यंत धावले. ठेचलेल्या अंगठ्याचं नख अजून आलं नव्हतं, ते ठणकत होतं. त्याची गाडी सुटून दहा मिनिटं झाली होती.

फोन लावला. वाजला. वाजत राहिला. शब्दाचा पक्का आहे तो.

मी परत लावला.